माझी बाग आणि देवकीचे डबे

५ मार्च १९६१, रविवार

नवी वही. विषय: शाळेची बाग. मराठीतच लिहिणार, कारण हेडमास्तर आंतोन यांना ही लिपी वाचता येत नाही आणि देवकीला कुठलीच येत नाही. म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.

वरून पत्र आलंय. मॉरिशसच्या उत्तरेकडच्या शाळांनी मुलांना बागकामाची गोडी लावायची. १४ सप्टेंबरला इन्स्पेक्टर साहेब आमची बाग बघायला येणार. आंतोन सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की शमें ग्रेनिएला वर्षाअखेर हेडमास्तरची जागा रिकामी होतेय. बागेचा रिपोर्ट चांगला गेला तर ती जागा माझी. चौदा वर्षं असिस्टंट आहे मी. त्यातली सहा इथे पितोंला, बदलीचे अर्ज करण्यात गेली.

देवकीला सांगितलं. शमें ग्रेनिए म्हणजे बेटाचं दक्षिण टोक, तिचं माहेर. सासरे तिथे एकटे, डोळ्यांनी अधू, तरी चूल स्वतःच पेटवतात. इथून जायचं तर तीन बस आणि अख्खा दिवस. ती उठली. मागच्या दारी जाऊन डब्यांना पाणी घालून आली.

डबे एकोणीस. तेलाचे, बिस्किटांचे, दूध पावडरचे. पितोंला आलो तेव्हा मी तिला म्हणालो होतो की वर्षभरात बदली होईल, जमिनीत काही लावू नकोस. तेव्हापासून तिची मिरची, कढीपत्ता, ब्रेदची पालेभाजी, सगळं डब्यांत. सर्वांत मोठ्या तेलाच्या डब्यात तिच्या वडिलांच्या आंब्याचं रोप. उचललं की निघायचं.

संकल्प: सप्टेंबरपर्यंत शाळेतलं प्रत्येक मूल माळी. इंग्लंडहून छापून आलेलं बागकामाचं जाड पुस्तक लायब्ररीतून आणलंय. शिवाय माती माझ्या रक्तातच आहे.

७ मार्च, मंगळवार

मुलांपुढे चाळीस मिनिटं बोललो; बहुतेकांचे आईबाप उसाच्या मळ्यात मजूर. विषय: श्रमाची प्रतिष्ठा, आणि दर शनिवारी बाग. मुलं इतकी भारावली की कोणी हलेना. शेवटी पाचवीच्या सत्यवतीने विचारलं की मिस्ये (इथे मास्तरला मिस्ये म्हणतात), म्हणजे शनिवारी पण ऊसच का? मी समजावलं की ऊस नव्हे, कोबी. तिला फरक पडला असं चेहऱ्यावरून वाटलं नाही. आतून पडला असणार.

११ मार्च, शनिवार

चोवीस मुलं आली! जागा शाळेमागची. तिथला जुना हॉल गेल्या वर्षी कॅरोल वादळात पडला, आता मोकळा चौकोन आहे. शाळेला सहा पियोस मिळाल्या आहेत. पियोस म्हणजे आपली कुदळ, पण इथे तिला कोणी कुदळ म्हणत नाही.

मी प्रात्यक्षिक दिलं. तिसऱ्या घावाला पियोसचा दांडा निघाला. बसंती म्हणून दहा वर्षांची मुलगी आहे, तिने तो माझ्या हातातून घेतला, भिजवला, दगडावर ठोकून घट्ट बसवला आणि एक अख्खा वाफा करून टाकला. मग झालं का मिस्ये, असं विचारून सगळी घरी गेली.

निष्कर्ष: प्रात्यक्षिक स्पष्ट असलं की मूल एकदाच बघून शिकतं.

१४ मार्च, मंगळवार

बसंतीचा बाप तुलसीराम फाटकाशी उभा होता. शेतातून तसाच आलेला, अंगावर उसाचं कुसळ. म्हणाला की मिस्ये, पियोस माज्या हातात हाय ती बस हाय. पोरीला लेकोलमंदी धाडली ती कलम धराया.

मी त्याला श्रमाची प्रतिष्ठा समजावली. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की सिरदाराची, म्हणजे मळ्यावरच्या मुकादमाची, पोरं पण शनिवारी येतात का. नाही येत. मी म्हणालो, बोलावू. मग तो माझ्या हातांकडे बघत राहिला. 

माझे वडील पियोस घराबाहेर ठेवायचे. आठ वर्षांचा असताना मी ती एकदा उचलली, तर कानाखाली वाजवली त्यांनी. नंतर स्वतःच रडले. त्याचा इथे काही संबंध नाही.

बसंती आजपासून बागेत नाही. एका मुलाने काय बिघडतं.

२५ मार्च, शनिवार

नऊ मुलं. बाकीच्यांची कारणं: ताप, मावशी, बैठकेतली शिकवणी, आणि चौघा भावांचा मिळून एक दुखरा अंगठा.

नवं धोरण. जो येईल त्याला गोळ्या.

१ एप्रिल, शनिवार

एकोणतीस मुलं. त्यातली पाच आमच्या शाळेतली नव्हतीच. गोळ्या सव्वानऊला संपल्या, मुलंही सव्वानऊला संपली. वाफ्यात कोबीचं बी टाकलंय, वर गोळ्यांचे रंगीत कागद. लांबून बघितलं तर काहीतरी फुलल्यासारखं दिसतं.

गोळ्या बंद. गोडी मनातून लागली पाहिजे.

२० मे, शनिवार

रोपं बोटभर झाली! एकशे चाळीस मोजली. आज चार मुलं होती, त्यांच्याकडूनच मोजून घेतली, म्हणजे गणितही झालं.

पुस्तकात बजावून लिहिलंय की मे महिन्यात फ्रॉस्ट पडून कोवळी रोपं रात्रीत मरतात, तेव्हा ती झाकावीत. मी साखरेची रिकामी गोणपाटं आणून सगळे वाफे झाकले. देवकीने विचारलं की फ्रॉस्ट म्हणजे काय. मी सांगितलं की पानांवर आपोआप बर्फ जमतो. तिने दाराबाहेर जाऊन आभाळ बघितलं, मग पदराने मानेवरचा घाम पुसला.

तिला मी बोलायची संधी दिली नाही. पुस्तक पुस्तक असतं.

५ जून, सोमवार

गोणपाटं काढली. एकशे चाळीसांपैकी अकरा जिवंत, तीही पिवळी. बाकीची उकडल्यासारखी झाली होती. वास आंतोन सरांच्या खोलीपर्यंत गेला. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो की खत.

गंमत म्हणजे गोणपाटांच्या कडेकडेने दूर्वा मात्र माजल्यात. ओलाव्याने असेल. उपटायला हव्यात.

मला झोप येत नाही. देवकी झोपेत काही म्हणाली, वडिलांना हाक मारल्यासारखी. चूक सगळी गोणपाटांची आहे, जाड होती.

१७ जून, शनिवार

शून्य मुलं.

पण पत्रात असंही लिहिलंय की प्रत्येक मुलाने झाडाची वही ठेवावी आणि साहेब त्या बघतील. मुलं ठेवणार नाहीत. म्हणून सध्यापुरत्या मीच ठेवतो. चोवीस वह्या. सत्यवतीची डाव्या हाताने लिहिली. बसंतीच्या वहीत लिहिलं की आज मी माझ्या रोपाशी बोलले आणि ते हसले. लिहिताना डोळ्यात पाणी आलं. मूल खरंच असं लिहू शकतं.

ही फसवणूक नव्हे. मुलं पुढेमागे जे लिहितील ते आधी लिहून ठेवणं आहे.

८ जुलै, शनिवार

आता रोज पहाटे मी एकटाच जातो. शेजारच्या सत्यदेवच्या गोठ्यातून शेण आणतो, टाकीचं पाणी घालतो. दुसरं बी पेरलंय. तळहाताला सात फोड. देवकीने हळद लावली. म्हणाली की मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी विचारलं नाही. शेतकऱ्याची मुलगी आहे हे खरं, पण तिचं सगळं ज्ञान तोंडी.

संध्याकाळी घरी आलो तर मागच्या दारी सात मुलं! सत्यवती होती, बसंतीसुद्धा. देवकीच्या डब्यांभोवती उकिडवी बसलेली, एकीच्या हातात मिरचीचं रोप, दुसरी मुळांची माती झाडतेय. मला बघून सगळी उठली आणि कुंपणातून पळाली.

माझं मार्गदर्शन घ्यायला आली असणार. लाजली बिचारी.

१२ ऑगस्ट, शनिवार

श्रावण लागला. दुसऱ्या बियाण्याची रोपं तेवीस. दूर्वा मात्र सगळ्या चौकोनभर. शेण मी घातलं कोबीला आणि खाल्लं त्यांनी.

आता कडक व्हायचं ठरवलं. आज सगळ्या मराठी मुलांना हजेरी लावून बोलावलं, पियोस हातात दिल्या आणि सांगितलं की हे गवत मुळासकट काढा. कोणी हात उचलेना. सत्यवती म्हणाली की मिस्ये, पा कापाव, नाही जमणार. आजी म्हणते श्रावण लागला की गणपती होईस्तोवर दूर्वांवर लोखंड चालवायचं नाही.

मी समजावलं की गणपतीला वाहिली की ती दूर्वा, तोवर ते नुसतं गवत. तिने विचार केला आणि विचारलं की मग पूजा होईस्तोवर आमचा गणपती पण नुसता चिखल का?

 मग म्हणालो, बघा, मी काढतो. पियोस डोक्यावर उचलली. सगळी मुलं श्वास रोखून बघत होती. आई लहानपणी दूर्वांची जुडी बांधायला बसवायची ते आठवलं, एकवीस मोजताना मी नेहमी चुकायचो. पियोस बाजूला मातीत पडली.

हात भरून आले होते, एवढंच.

ता. क., चार दिवसांनी: एक नवीन प्रकार सुरू झालाय. मुलं मधल्या सुट्टीत येऊन दूर्वांना पाणी घालतात. कोबीला घालत नाहीत. पालथ्या घड्यावर मी पाच महिने पाणी ओतलं ते हेच.

२ सप्टेंबर, शनिवार

त्रियोलेच्या शाळेत जाऊन गजेंद्रची बाग बघून आलो. गजेंद्र माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला. त्याच्याकडे वांगी, भेंडी, भोपळ्याचा मांडव, ब्रेदचे सहा वाफे, आणि पोरं मधमाश्यांसारखी. मी सहज विचारलं की हे कसं जमवलं. म्हणाला की काही नाही रे, मुलांच्या आयांना बोलावून विचारलं काय लावू, त्यांनी सांगितलं ते लावलं. आणि पियोस मुलांच्या हातात दिलीच नाही, खणायला मी आणि शिपाई. मुलांनी फक्त लावायचं आणि तोडून घरी न्यायचं.

हे काय शिक्षण झालं?

परतीच्या बसमध्ये दिवस मोजले. बारा दिवस राहिले. कोबी तेवीसचे नऊ झालेत. देवकी रोज विचारत नाही, हेच जास्त जड जातं. तिने डब्यांच्या कडांना दोरीची कडी बांधायला सुरुवात केली आहे, उचलायला बरी पडावी म्हणून.

१० सप्टेंबर, रविवार

युक्ती सुचली. लिहितो, पण नंतर हे पान फाडायचं.

पोर्ट लुईच्या बाजारातून बारा कोबी आणले. चांगले डोक्याएवढे. परवा संध्याकाळी मातीत बसवणार. साहेब काही उपटून बघणार नाहीत. इंग्रज माणूस, सभ्य असतो.

१२ सप्टेंबर, मंगळवार

बसवले. दोन ओळींत सहा-सहा. खाली माती दाबली, वर पाणी शिंपडलं. इतके खरे दिसत होते की क्षणभर मलाच कौतुक वाटलं. नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा पोटभर जेवलो. मार्चपासून म्हणजे सहाच होतात, पण नऊ वाटतात.

उद्या गणेश चतुर्थी. मराठी मुलं शाळेत येणार नाहीत, म्हणजे बागेला धक्का लागायची भीती नाही.

१३ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पूजेला बसलो. देवकीने दूर्वांची जुडी ठेवली. इतक्या लुसलुशीत दूर्वा मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. विचारलं, कुठल्या? म्हणाली की तुमच्या बागेतल्या.

मग तिने सांगितलं. मळेवाल्यांनी यंदा वाटांच्या कडेने गवत मारायचं औषध फवारलंय, त्यामुळे तिथल्या दूर्वा देवाला चालेनात. सत्यवतीच्या आजीने गावभर निरोप दिला की शाळेमागे चांगल्या आहेत, पोरांनी राखल्यात.

आरती अर्धी टाकून धावलो. चाळीसेक बायका, त्यांच्या मागे पोरं, सगळ्या चौकोनात वाकून कोवळे शेंडे खुडत होत्या. वाफ्यांचे बांध सपाट. माझी नऊ रोपं कुठे होती तेही कळेना. आणि कोबी? एकही नाही. विचारलं तर सत्यवतीची आजी म्हणाली की ते मोकळेच पडले होते, मुळं बी नव्हती त्यांना, पोरांना वाटलं मिस्येनं गणपतीला ठेवलेत, नेले घरोघर.

दुपारी तिच्या घरून नैवेद्याचं ताट आलं. त्यात कोबीची भाजी. देवकीने वाढली. मी खाल्ली, देवाचं नाकारायचं नसतं. घास गिळताना शमें ग्रेनिए गेलं, शमें ग्रेनिए गेलं, एवढंच डोक्यात.

१४ सप्टेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहितो.

साहेब दहाला आले. मी तोंडातल्या तोंडात माफी जुळवत होतो. ते मागच्या दारातून बाहेर पडले आणि थांबले. समोर अख्खा चौकोन हिरवागार, एका उंचीचा, कापल्यासारखा. चाळीस बायकांनी शेंडे खुडले होते ना! बांध तुडवले गेल्याने जमीनही सारखी. साहेबांनी टोपी काढली. म्हणाले की घर सोडल्यापासून असं लॉन पाहिलं नाही.

मी म्हणालो, थँक यू सर.

मग त्यांनी बसंतीला विचारलं की हे कोणी सांभाळलं. ती म्हणाली की आम्ही, कोणाला खणू दिलं नाही, मिस्येला पण नाही. साहेब फार हसले आणि वहीत बरंच काही लिहिलं. चोवीस वह्या चाळल्यासुद्धा नाहीत. डाव्या हाताची मेहनत वाया.

म्हणजे शेवटी झालंच ना? मुलांना गोडी लागली, बाग झाली. पद्धत माझीच.

संध्याकाळी देवकीला म्हणालो, बांध डबे. ती चक्क मोठ्याने हसली. सहा वर्षांत ऐकलं नव्हतं. सासऱ्यांना पत्र लिहायला बसवलं मला. शेजारी त्यांना वाचून दाखवतात. तिने सांगितलं तसं लिहिलं: बाबा, डिसेंबरात मी येते, कायमची येते. आंबा पण घेऊन येते.

२९ नोव्हेंबर, बुधवार

पत्र आलं. तीनदा वाचलं.

साहेबांनी लिहिलंय की हिरवळ राखण्याची अशी जाण असलेला शिक्षक त्यांनी बेटावर दुसरा पाहिला नाही. अशा माणसाला त्याच्या बागेपासून तोडणं चूक ठरेल. तरी त्याला आणखी तीन वर्षं पितोंलाच ठेवावं आणि त्रियोलेसकट उत्तरेकडच्या सगळ्या शाळांच्या लॉनची जबाबदारी द्यावी. पगार तोच.

शमें ग्रेनिए गजेंद्रला. त्याच्या बागेत कुठल्याही घरामागे असतात तशा भाज्याच होत्या, तेव्हा तो इथून गेला तरी उत्तरेचं नुकसान नाही.

आंतोन सरांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

देवकीला सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलो.

३० नोव्हेंबर, गुरुवार

सांगितलं. तीन वर्षं म्हणजे लगेच जातील असंही म्हणालो. ती डाळ निवडत होती, निवडत राहिली. मग विचारलं की साहेबांना कोबी आवडत नाही का. मी म्हणालो, तसं नाही. तिने डाळ पाखडायला घेतली.

तिने रागवायला हवं होतं. मी वाट बघत होतो.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी आवाजाने जाग आली. मागच्या दारी देवकी खणत होती. शाळेची पियोस, मी घरी आणून ठेवलेली. ढगाळ होतं. मी पुस्तक घेऊन उंबऱ्यात बसलो, रोपं हलवण्याचं पान काढलं. लिहिलंय की ढगाळ दिवस निवडावा. ते मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली.

थोड्या वेळाने सत्यवती आली. मग बसंती, मग एकेक करून बारा मुलं. कोणी बोलावलं नव्हतं, गोळ्या नव्हत्या. कोणी माती चाळली, कोणी पाणी आणलं. बसंतीने पियोस मागितली. देवकीने दिली नाही. म्हणाली की तू रोप धर, खणायला मी आहे. मग माझ्याकडे बघितलं. मी उठलो, पियोस घेतली. उरलेले खड्डे मी खणले. वाकडे झाले, पण झाले.

आंबा शेवटी. डब्यातून निघेना. देवकीने पत्रा कापला, तर आत माती उरलीच नव्हती, नुसती मुळं, डब्याच्या आकारात गोल गोल फिरलेली. सहा वर्षांचं झाड माझ्या कमरेएवढं. देवकी मुळं बोटांनी सोडवत बसली. म्हणाली की जमिनीत लावला असता तर यंदा मोहर आला असता. रागाने नाही म्हणाली.

मी झाड सरळ धरलं. मुलांनी माती लोटली.

डबे एकोणीस, सगळे रिकामे, कुंपणाशी. दोऱ्या अजून बांधलेल्या आहेत.

सासऱ्यांना कळवायला हवं. देवकीला म्हणालो, सांग, लिहितो. ती म्हणाली की तुम्हीच लिहा, मला काही सांगायचं नाही. कागद घेऊन तासभर झाला. ‘तीर्थरूप बाबांस’ एवढं लिहून झालंय.